एका गोधडीतल्या साऱ्या जणी

साठ सालच्या हिवाळ्यात दारव्ह्याच्या मोटार स्टँडवर मी होती, माही सासू गिरजाबाई, तापानं थरथरणारी माही तान्ही लेक अन् एक अनोळखी बुढी. दवाखान्यात जायची मोटार येतच नव्हती. बुढीनं बोचक्यातून जाड गोधडी काढली अन् लेकीले गुंडाळली.

सासू म्हणे, "मुतन ना वो पोरगी!"

बुढी म्हणे, "मुतू दे वो बाई, गोधडीले सवय हाय. वरतं माहं लाल लुगडं, त्याच्या आत मायचं, त्याच्या आत आजीचं. आमी जुनी उसवत नाही, वरूनच शिवतो. साऱ्या जणी धरून हायेत तिले."

लेक शांत निजली.

मोटार आली, तं बुढीनं गोधडी वापस घेतली नाही. तिले दुसऱ्या मोटारीनं पुसदले जाचं होतं, तिचं नाव-गाव इचाराचं राहूनच गेलं.

लेक जगली. वाचणाऱ्यानं आपल्या घरी इचारून पाहावं, कोण्या आजीनं साठ साली दारव्ह्याच्या स्टँडवर लाल लुगड्याची गोधडी देली होती का. गोधडी तुमची असन तं घेऊन जा.