दोन्ही डिस्कना कुंकू

बॅकअप या विषयावर मी कोल्हापुरात जेवढी भाषणं दिली, तेवढी एखाद्या उमेदवारानं अख्ख्या निवडणुकीत दिली नसतील. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. मंगळवार पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेलं मशीन घेऊन कुणी आला की आधी मी एकच विचारायचो, "बॅकअप घेतलाय?" समोरचा गप्प झाला की माझी गाडी सुटायची. स्वभाव तापट, त्यात विषय आवडीचा. माणसं बिचारी मान खाली घालून ऐकायची, कारण मशीन माझ्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं.

यातलं सगळ्यात जास्त ज्यांनी ऐकलं, ते गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ चालवणारे चाचा. साठी ओलांडलेली, सगळं आयुष्य रोलच्या कॅमेऱ्यावर गेलेलं, आणि आता गिऱ्हाईक मागतंय म्हणून डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवलेला. चाचा मूळचे आजऱ्याचे. माझी सासुरवाडीही आजरा. त्यामुळं माझं लग्न ठरल्या दिवसापासून ते मला जावईच म्हणायचे. लग्नाचे फोटोही अर्थात त्यांनीच काढले.

सहाएकशे फोटो होते. त्यातले शंभर निवडायचे, मग चाचा अल्बम करणार आणि सगळ्या फोटोंची सीडी देणार, अशी त्यांची पद्धत. बाकी गिऱ्हाइकं निवडून, सीडी घेऊन कधीच मोकळी झाली होती. मी मात्र "उद्या बसतो" म्हणत वैशाखापासून आश्विनापर्यंत आलो. बायको दर रविवारी विचारायची, "अल्बम कुठवर आलाय?" सासूबाई फोनवर तेच विचारायच्या. जगाला बॅकअप शिकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या लग्नाची एक साधी सीडी काढून घेतली नव्हती. चाचांचं मशीन माझ्या देखरेखीखाली आहे म्हटल्यावर काय होणार, असा माझा हिशेब.

त्या आश्विनात चाचांच्या मशीनची हार्डडिस्क टकटक वाजायला लागली. हा आवाज म्हणजे डिस्क आता जाणार. मी आधी चाचांना भाषण दिलं, मग दुकानातली माझी एक डिस्क नेऊन त्यांच्या डिस्कची पूर्ण इमेज तिच्यावर उतरवून घेतली. इमेज म्हणजे हुबेहूब जुळी बहीण. प्रोग्राम, फोटो, केरकचरा, सगळं जसंच्या तसं. चारच दिवसांत त्यांची डिस्क कायमची गप्प झाली. मी स्टुडिओच्या दारात उभा राहून म्हणालो, "बघा. आता तरी पटलं?" चाचांनी मान डोलावली. मला फार बरं वाटलं.

आता नवी डिस्क आणायची आणि माझ्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर परत उतरवायचं, एवढंच राहिलं होतं. डीलरनं नेमकी माझ्याच डिस्कसारखी डिस्क दिली. तीच कंपनी, तेवढीच जागा, तसंच लेबल. मी ती सकाळी दुकानात फॉरमॅट केली आणि दोन्ही घेऊन स्टुडिओत गेलो. त्या दिवशी खंडेनवमी होती. सगळी पेठ आपापली हत्यारं पुसत बसलेली. चाचाही दरवर्षी कॅमेऱ्यांची पूजा करायचे. एकदा कुणी विचारलं, तर म्हणाले होते, "सगळी पेठ करती, मग माझ्याच कॅमेऱ्यानं काय घोडं मारलंय?"

दोन डिस्कमध्ये गोंधळ नको म्हणून मी खूण करायला गेलो, तर मार्कर पेन वाळलेलं. पूजेचं ताट समोरच तयार होतं. त्यातलं कुंकू बोटावर घेऊन मी माझ्या भरलेल्या डिस्कवर एक ठिपका लावला आणि स्वतःवरच खूश झालो. एवढ्यात घरून निरोप आला, स्क्रू-ड्रायव्हरांची पूजा खोळंबलीय, लगेच या. ठिपक्याचं कुणालाही न सांगता मी घरी गेलो.

परत आलो तर टेबलावर सगळं मांडलेलं होतं. कॅमेरे, फ्लॅश, स्टँड, कात्री, प्रिंटर आणि त्यांच्यासमोर माझ्या दोन डिस्क. दोन्हींवर हळद, दोन्हींवर कुंकू, दोन्हींवर झेंडूच्या पाकळ्या.

"चाचा, ह्या दोन्हीला कुंकू कुणी लावलं?"

"मी. एकीलाच लागलंतं, ते बी वाकडंतिकडं. म्हटलं, जावयाची गडबड झाली आसंल. दोन्ही फडक्यानं पुसून घेतल्या आन् नीट लावलं की."

"मी मुद्दाम एकीला लावलं हुतं."

"एकीला लावायचं आन् दुसरीला न्हाय, आसं कुठं आसतंय व्हय?" चाचा मनापासून नाराज झाले. "नवी हाय म्हणून काय झालं?"

एकेक डिस्क जोडून आत काय आहे ते बघणं हे दोन मिनिटांचं काम होतं. आज हे लिहितानाही स्वतःचा राग येतो. पण प्रसादाला शेजारची चार माणसं जमली होती, आणि 'भरलेली कुठली ते मला कळत नाही' हे त्यांच्यासमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. एका डिस्कच्या कडेला बारीक ओरखडा दिसला. वापरलेली तीच असणार, म्हणून मी ती भरलेली ठरवली. ओरखडा डीलरच्या दुकानातच पडलेला असू शकतो, हे डोक्यातही आलं नाही.

मशीननं विचारलं, कुठून कुठं उतरवू? मी सांगितलं. मग त्यानं बजावलं, दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना?

"काय म्हणतंय?" चाचांनी विचारलं.

"नक्की का म्हणून इचारतंय."

"मग बघा की एकडाव."

"चाचा, रोजचं काम हाय माझं."

मी बटण दाबलं. पाऊण तासाचं काम दोन मिनिटांत संपलं. रिकाम्या डिस्कची हुबेहूब इमेज मी भरलेल्या डिस्कवर उतरवली होती. आता खरोखरच दोन्ही अगदी सारख्या झाल्या होत्या.

पुसलेलं परत आणणारे प्रोग्राम मी रात्रभर चालवले. वीसएक फोटो मिळाले, तेही अर्धे. वर मांडवाचं छत, त्याखाली फेट्यांचे तुरे आणि त्याखाली नुसता राखाडी पट्टा. कुणाचंच तोंड नाही. दसऱ्याला बायकोला सगळं सांगितलं. तिनं ते तुरे एकेक करून बघितले आणि म्हणाली, "समद्यास्नी सांगत फिरतासा, आन् आपलंच ठेवलं न्हाय?" त्यानंतर ती बोलायचीच थांबली. भांडली असती तर मीही आवाज चढवला असता. ती गप्प राहिली आणि मला पहिल्यांदाच माझी खरी लाज वाटली.

चौथ्या दिवशी चाचा घरी आले. हातात एक पाकीट. ते मला न देता त्यांनी बायकोच्या हातात दिलं.

"पोरी, पूजेला जुना कॅमेरा काढला तर आत रोल निघाला. तुझ्या लग्नातला. डिजिटलवर तवा माझा इस्वास नव्हता, म्हणून त्यो बी गळ्यात ठेवलाता. रोल संपला न्हाय म्हणून धुतलाच न्हाय, मग इसरलो."

अकरा फोटो होते. एकात अक्षता पडतायत, तिनांत आजऱ्याची मंडळी जेवतायत. उरलेल्या सातांत मी आहे. बाशिंग बांधलेला, बोट वर केलेला, जनरेटरवाल्यावर ओरडणारा. त्यातल्या एका फोटोत माझ्या मागं मुंडावळ्या बांधलेली नवरी तोंडावर हात ठेवून हसतेय. त्या दिवशी ती एकदाही हसल्याचं मला आठवत नव्हतं.

"का हसत हुतीस?" मी विचारलं.

"अक्षता पडायच्या राहिल्यात, भटजी हाक मारतायत," ती म्हणाली, "आन् तुमी त्याला इचारत हुता, ह्यो बंद पडला तर दुसरा जनरेटर कुठं हाय?" आणि ती चार दिवसांनी हसली, अगदी त्या फोटोतल्यासारखी.

तो फोटो मोठा करून आम्ही हॉलमध्ये लावला. अजून तिथंच आहे. तेव्हा मी चाचांकडं निगेटिव्ह मागितली होती, जपून ठेवायला. चाचांनी पाकिटातनं ती काढली, उजेडाला धरून बघितली आणि परत स्वतःच्या खिशात घातली.

"ही माझ्याकडं ऱ्हाऊ दे, जावई," ते म्हणाले. "तुमचा भरवसा न्हाय."