सकवारबाईंचा न झालेला मुजरा

बंगळुरातल्या येलहंक्याच्या सकवारबाई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवणं सोडतील तर शपथ! तिथल्या मराठी समाजाच्या सभागृहात दर रविवारी त्यांचा फुकट वर्ग भरायचा. बाईंचं घर एवढंसं आणि पोरं ढीगभर, त्यामुळे सभागृह गेलं की वर्ग गेला, सरळ गोष्ट.

बाईंचा लाडका धडा इंग्लंडातल्या यादवी युद्धाचा. राजाचं मुंडकं उडालं हे कुणीही सांगेल. बाई सांगायच्या त्या वेळच्या फाटक्या माणसांचं. देवानं जमीन सगळ्यांना दिलीय म्हणून त्यांनी एका टेकडीवर गाजरं नि घेवडा पेरला. सेनापतीपुढे उभं केलं, तरी पठ्ठ्यांनी मान द्यायला डोक्यावरची टोपी काढली नाही. पुढे त्यांच्या झोपड्या मोडल्या त्या राजानं नव्हे, तो केव्हाच मेला होता. आसपासच्याच लोकांनी मोडल्या. हे सांगताना बाईंचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा.

आणि हीच बाई दर दसऱ्याला त्याच सभागृहात गादीपुढे वाकून मुजरा करायची! गादीवर कोण, तर जुन्या सरदार घराण्याचे रघुजी. एचएसआर लेआउटमध्ये फ्लॅट, विम्याची नोकरी आणि गुडघेदुखी, एवढीच त्यांची सरदारी. बाईंना त्यात कधी काही खटकलं नाही. मग एका रविवारी वर्गातली हर्षिता सरळ विचारती झाली, "अक्का, मग तुम्ही का वाकता?" बाईंना फार लाज वाटली.

यंदाच्या दसऱ्याला बाई गादीपुढे ताठ उभ्या राहिल्या आणि नुसता नमस्कार केला. रघुजींनी हसून परत नमस्कार केला. पण मागच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली.

संध्याकाळी समाजाचा अध्यक्ष नागोजी घरी आला. बाईंचाच जुना विद्यार्थी.

"अक्का, स्वल्प वाकला असतात तर काय बिघडलं असतं? रविवारच्या आत रघुजींकडे जाऊन मुजरा करून या. नाहीतर लोक वर्ग भरू देणार नाहीत."

"नाही जमायचं, नागोजी."

"सरी, बरं तर," म्हणून तो उठला. कॉफीसुद्धा घेतली नाही मेल्यानं.

बाई रघुजींकडे गेल्या, पण मुजरा करायला नव्हे, हा मुजराच बंद करा म्हणून सांगायला. ते बिचारे ओशाळले. "मला कुठे हवाय मुजरा, अक्का? पण मी नको म्हटलं तर ही माणसं गादीवर दुसऱ्याला बसवतील. माझं कोण ऐकतंय?"

रविवारी सभागृहाला कुलूप. पोरं पायरीवर दप्तरं घेऊन बसलेली. तेवढ्यात नागोजी आला, किल्ली खिशात होतीच. बाईंना पाहिल्याबरोबर तो नेहमीसारखा वाकून पाया पडला.

"पाया नको पडूस रे. कुलूप काढ."

नागोजी उठला, कुणाकडे न बघता गाडी सुरू करून निघून गेला. बाईंनी पोरांना घरी जायला सांगितलं. स्वतः मात्र पायरीवर बसून राहिल्या. इतकी वर्षं पोरं पाया पडत आली, आणि त्यांनी आज पहिल्यांदाच कुणाला नको म्हटलं होतं.