आप्पांच्या चालण्याचं इंग्रजी

“हारवाल्यांची ना ही? अगं, आजोबांना पण आणलंय. धोतरात!”

शाळेच्या हॉलबाहेर मी आप्पांचा हात धरून उभी होते आणि खांबापलीकडे शाळेतल्या दोन मुलींच्या आया बोलत होत्या. आवाज दबका होता, पण वाईट म्हणावा असा नाही — हसरा होता. कदाचित कौतुकानेच बोलत असतील. आप्पांना एका कानाने कमी ऐकू यायचं आणि ते टोपी नीट करण्यात गुंतले होते. ऐकलं ते फक्त मी.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, एकाही मैत्रिणीला नाही. त्या दिवशी पुढे जे झालं त्यातलं थोडं एकदा तोंडाने बोलले आहे, ते शेवटी येईल. पण सगळं, पहिल्यापासून — हे आत्ताच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जात असेल का? की म्हणूनच अवघड?

आधी आप्पांबद्दल सांगू द्या. टाळाटाळ वाटेल — थोडी आहेच — पण त्यांच्याबद्दल न सांगता माझी चूक केवढी आहे ते कळायचं नाही.

आप्पा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. मखमलाबाद रोडला आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, गुलाब, कडेने मेथी-कोथिंबीर. मी आठवीत होते तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलेलं होतं आणि आप्पांनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती. नक्की वय त्यांनाही ठाऊक नव्हतं. पहाटे झेंडूची अख्खी ओळ खुडून होईपर्यंत ते कमरेत वाकलेले असत, आणि सरळ होताना गुडघ्यावर हात टेकत नसत. माझे वडील टेकायचे. दात मोजके उरले होते, तरी ऊस स्वतः सोलायचे. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, रविवारी काळ्या मसाल्याचं मटण, दिवसभर बशीतून चहा, आणि जेवण झालं की विडी. डॉक्टरांनी विडी सोडायला सांगितली तेव्हा म्हणाले, “तुमच्या आधीचे डॉक्टर बी हेच म्हनायचे. गेले बिचारे. मीच हार घेऊन गेल्तो.”

आप्पा खरंच हार घेऊन गेले होते. कारण आमच्या घरात एक रीत होती. लग्नाचा हार, सत्काराचा हार, नव्या गाडीचा हार — त्याचा भाव ठरवायचा. पण मयताचा हार मागायला कुणी आलं तर भाव सांगायचा नाही. हार द्यायचा, आणि हाराबरोबर घरातला एक पुरुष पाठवायचा. खांदा द्यायला, पार स्मशानापर्यंत, अमरधामपर्यंत. आप्पांच्या वडिलांपासूनचं हे. आणि आमच्याकडे तो पुरुष म्हणजे बहुतेक वेळा आप्पाच. गेलेला माणूस ओळखीचा आहे की नाही, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, ते विचारत नसत. पेठ-हरसूलकडून बांधकामावर आलेला एखादा मजूर गेला तर घरच्यांना चार माणसं जमवायची पंचाईत. तेव्हा आप्पा निघत, आणि वाटेत दिसेल त्याला दंडाला धरून बरोबर घेत. परत आले की मागच्या दारी अंघोळ, मग चहा. चहा पिताना ते फार शांत दिसत.

आज हे लिहिताना माझी मान ताठ आहे. असं घर किती जणांना मिळतं? पण तेव्हा — तेव्हा मला ही रीत घरातली एखादी अडचण असावी तशी वाटायची. वर्गातल्या मुलींचे आजोबा संध्याकाळी बागेत बसत. माझे आजोबा स्मशानातून येत.

मी इंग्रजी माध्यमात होते. घरातली पहिली. वडिलांनी हट्टाने घातलेलं. शाळेआधी आम्ही सगळे हार ओवायला बसायचो, त्यामुळे माझ्या बोटांना झेंडूचा पिवळट-हिरवा डाग कायम असायचा. वर्गात मी हात बाकाखाली ठेवायचे. बोलायचे नाही. पण बघायचे सगळं — कोण कसं उभं राहतं, कुठला शब्द कसा उच्चारतं. माझं इंग्रजी चांगलं होतं. हे मला माहीत होतं, आणि त्याचा मला गुपचूप फार गर्व होता.

त्या वर्षी शाळेने आजी-आजोबांचा कार्यक्रम ठेवला. निरोगी राहून खूप जगलेल्यांनी मुलांना त्यामागचं रहस्य सांगायचं. आमच्या शाळेत स्टेजवर फक्त इंग्रजी चालायचं, आणि पाहुण्या डॉक्टरबाई दक्षिणेकडच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. म्हणून असं ठरलं, की आजोबांनी नातवंडाच्या कानात सांगायचं आणि नातवंडाने माइकवर इंग्रजीत. मिसने मला निवडलं. “इतकं छान लिहितेस आणि तोंड उघडत नाहीस,” म्हणाल्या.

आप्पा सकाळपासून तयार. दाढी केलेली, धोतर कडक. शिक्षिकांसाठी म्हणून पिशवीभर गुलाब खुडले आणि प्रत्येकीला एकेक दिला. शिक्षिका इतक्या खुलल्या! मलाही बरं वाटत होतं. मग ते खांबापलीकडचं वाक्य.

आमच्या आधी तीन आजी-आजोबा झाले. एका आजींची योगासनं आणि शाकाहार. दुसऱ्यांचे भिजवलेले बदाम आणि रात्रीचं दूध. तिसरे आजोबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, बुटांत-पँटीत — त्यांचा मॉर्निंग वॉक. हॉल दर वेळी टाळ्या वाजवत होता. मग आमचं नाव पुकारलं.

आप्पा माझ्या बाजूला वाकले. तोंडाला विडीचा वास होता. हळू, अगदी सावकाश बोलले, मला नीट इंग्रजी करता यावं म्हणून.

“सांग त्यांना, खान्यापिन्याचं काय नाय. पाय चालते ठेवले. कोनाच्या बी घरी मयत झालं की हार घेऊन गेलो, खांदा दिला, अमरधामपर्यंत चाललो. जानाऱ्याला वाटेला लावून घरी आलो की भूक लागती, झोप लागती. आपलं काम झालं असं वाटतं. त्यानंच आयुष्य वाढलं असंल.”

सांगू मी काय केलं? मी माइक तोंडाशी घेतला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, की माझे आजोबा रोज पहाटे फिरायला जातात. साधा शाकाहार घेतात. रात्री ग्लासभर दूध पिऊन लवकर झोपतात. त्यांना कसलंही व्यसन नाही.

विडीचं बंडल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. मला दिसत होतं.

टाळ्या पडल्या. डॉक्टरबाई फार खूश झाल्या आणि त्यांनी विचारलं, की मुलांसाठी काही संदेश आहे का. मी आप्पांना मराठीत सांगितलं. ते समोरच्या मुलांकडे बघत राहिले. मग पुन्हा वाकले.

“म्हनावं, पोरांनो, आपल्या आळीत कोनी गेलं तर दार लावून घेऊ नका. चपला घाला आन् जा. काय बोलायचं ते कळत नसंल तर बोलू नका. नुसतं चाला.”

त्यातला शेवटचा शब्द तेवढा मी घेतला. मुलांनो, चाला — रोज चाला, असं म्हणाले. हॉल वाजत राहिला. बाईंनी आप्पांच्या खांद्यावर शाल घातली.

मी घाबरले होते असं म्हणता येईल. पण घाबरलेल्या माणसाचा आवाज कापतो ना? माझा कापला नाही. त्या दिवशी माझं एकही वाक्य अडखळलं नाही. आणि खरं सांगायचं तर — मला अभिमान वाटला. आप्पांचा नाही. स्वतःचा. किती पटकन जुळवलं, किती सफाईने! आधीच्या तिघांच्या बोलण्यातलं थोडं थोडं उचललं होतं, दुसऱ्यांच्या मळ्यातली फुलं तोडावीत तसं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई मागच्या रांगेत होती. तिला आप्पांचा आवाज पोचला नाही आणि माझं इंग्रजी कळलं नाही. ती रडत होती, आनंदाने.

बाहेर पडताना आप्पा म्हणाले, “इंग्रजीवाल्यांना बी पटलं बघ, बाय. मला वाटलं, मयताचं नाव काढलं म्हनून नाकं मुरडतील.”

तेव्हा सांगता आलं असतं. रस्ता मोकळा होता, आम्ही दोघंच पुढे चालत होतो. मी म्हणाले, “हो, आप्पा.”

पुढे वर्षानुवर्षं हेच. आप्पांनी ती गोष्ट फुलबाजारात सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, लग्नांच्या पंगतीत सांगितली. “माझ्या नातीनं खांद्याचं इंग्रजी केलं. आख्खा हॉल वाजला!” आळीतली तरणी पोरं मयताला यायला का-कू करायला लागली की ही गोष्ट हमखास निघायची. “सूटबूटवाल्यांनी टाळ्या दिल्या आन् तुम्हाला लाज वाटती का रे?” पोरं हसायची, पण यायची. आणि प्रत्येक वेळी आप्पा माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचे. मान हलवणं हेही बोलणंच, नाही का?

माझ्या खोट्याने माणसं मयताला जात होती, मग काय बिघडलं — असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण माणसं जात होती ती आप्पांमुळे. माझ्या खोट्याने एवढंच केलं होतं, की जन्मभर पाळलेल्या त्यांच्या गोष्टीला एका हॉलभर अनोळखी माणसांचा आधार लागतो, असं त्यांना वाटायला लागलं. आधी त्यांना कुणाच्या टाळ्यांची गरज नव्हती. ती सवय मी लावली.

मी शिकले, सातपूरला एका कंपनीत नोकरीला लागले. रोडच्या दोन्ही बाजूंना इमारती आल्या. मळा निम्मा राहिला. आप्पा काठी घेऊन चालायला लागले, पण चालत राहिले.

मग सुट्टीच्या दिवशीची ती सकाळ. दोन हजार सालानंतरचं अर्धं दशक सरलेलं. शेजारच्या नव्या इमारतीत एक एकटे गृहस्थ गेले. मुलगा परदेशात, तो पोचणार नव्हता. वॉचमन हार मागायला आला तेव्हा वडील आणि काका बाजारात होते. आप्पा उठले. मी त्यांच्याबरोबर गेले, हाताला धरून.

पार्किंगमध्ये सातआठ पुरुष उभे होते. सगळे सभ्य, सगळे अवघडलेले. गाडी बोलावली आहे, तीच नेईल, म्हणत होते. बरोबर कोण जाणार, हे कुणी बोलत नव्हतं. आप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि सुरू झाले. खांदा, अमरधाम, शाळा, डॉक्टरबाई, टाळ्या. आवाज थकलेला होता, पण टाळ्यांपाशी आला की अजून चढायचा.

एका तरुणाने मोबाईल खिशात ठेवला आणि चेष्टा न करता, खरंच उत्सुकतेने विचारलं, “मॅडम, इंग्रजीत काय सांगितलं होतं हो तुम्ही?”

“सांग गं बाय,” आप्पा म्हणाले. “शब्द न् शब्द सांग.”

खरं भाषांतर माझ्याजवळ तयार होतं. इतक्या वर्षांत मी ते मनात कितीदा केलं होतं — आप्पांचं एकेक वाक्य, कुठेही न वळवता. त्या क्षणी मी तेच बोलून दाखवलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. आप्पांची मान तशीच ताठ राहिली असती. आणि माझीही.

ते माझ्याकडे बघत होते. किती अभिमानाने, ते मी लिहू शकत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या पार्किंगमधले तिघेजण अमरधामला आले, बाकीचे आपापल्या कामाला गेले. आप्पा त्यानंतर दोनेक वर्षं होते. त्यांनी मला त्या सकाळबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, माझ्याशी बोलणंही कमी केलं नाही. मयताला मात्र शेवटपर्यंत जात राहिले, जमेल तितकं. आणि ते स्वतः निघाले तेव्हा मळ्यापासून अमरधामपर्यंत खांदा बदलायला माणसं रांगेने चालत होती. कितीतरी जण आम्हाला माहीतही नव्हते. पण ती शाळेतली गोष्ट — ती त्यांनी त्या सकाळनंतर पुन्हा कुणाला सांगितली नाही.

त्या पार्किंगमध्ये मी मराठीत बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि आप्पांना ऐकू यावं म्हणून त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहून.

“आप्पा, मी तुमचं सांगितलंच नव्हतं. तुम्ही सकाळी फिरायला जाता, दूध पिता, असं सांगितलं होतं. टाळ्या त्याला पडल्या. मला तुमची लाज वाटली होती.”