वरची रेघ

भूकंपाला पाच वर्षं होत आली तरी उज्वला छताखाली झोपत नव्हती. लातुरात तिने चार खोल्या बदलल्या आणि प्रत्येक घरमालकिणीला पहिला प्रश्न तोच केला, अंगणात झोपू द्याल का? दिवसासुद्धा तिचा पाय एका जागी ठरत नसे. चहा ती उभ्यानेच प्यायची, तोही दाराशी.

पोटासाठी ती महादेवप्पा सरांच्या क्लासच्या नोट्समध्ये आकृत्या काढायची. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते, गावोगावची हुशार पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन एसटीतून उतरत होती, आणि डॉक्टर झाल्याशिवाय माणसाला गत नाही असं अख्ख्या शहराने ठरवून टाकलं होतं. उज्वलाने बेडकाची आतडी इतक्यांदा काढली होती की झोपेतही काढली असती.

तिचं खरं काम वेगळंच. ‘हलतंय का?’ नावाचं आठ पानांचं चित्रांचं चोपडं ती स्वतःच लिहायची, स्वतःच काढायची. भूकंपानंतर वर्षभर नुसतं भांडं वाजलं तरी लोक एकमेकांना हेच विचारत होते. चोपड्यात पुनर्वसनाच्या एकसारख्या ओळींत आपलं घर न सापडणारा म्हातारा होता, आणि टेस्टमध्ये नंबर घसरला म्हणून बापाचा फोन टाळणारी हॉस्टेलची पोरगी. पुण्याच्या एका मासिकाने ‘भूकंप आता जुना झाला’ असं कळवून ते परत पाठवलं. जुना झाला म्हणे! मग तिने छापणाऱ्यांचा नाद सोडला. गुंडप्पाच्या झेरॉक्सच्या दुकानात साठ प्रती काढायच्या, हॉस्टेलच्या जिन्यात आणि नांदेडच्या एसटीत सीटवर सोडायच्या. वर नाव नाही, पत्ता नाही. शेवटच्या पानावर एवढंच: वाचा आणि पुढं द्या.

तिच्या चौकटींना वरची रेघ नसायची. दोन बाजू, खाली जमीन, वर मोकळं.

गुंडप्पा माणूस सोन्यासारखा, पण कामात धांदरट. एकदा त्याने हृदयाच्या आकृत्या आणि चोपडं एकाच गठ्ठ्यात घालून पाठपोट काढलं. तीनशे पोरांना पुढून हृदय मिळालं आणि मागून बापाचा फोन टाळणारी पोरगी. दोन्हीकडचं अक्षर एकच होतं. सरांनी उज्वलाला बोलावलं.

“हे तूच काढून राहिलीस?”

“हाव, सर.” नोकरी गेली, असं तिने मनात धरलं.

“पोरं हृदय सोडून मागचंच वाचून राहिलीत. लई भारी हात हाय तुझा. क्लासच्या जाहिरातीसाठी रंगीत छापू, दहा हजार प्रती. नांदेड, परभणी, सगळीकडं जाईल. फक्त शेवटी पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. आन् ह्या चौकटी अर्ध्याच का? वरची रेघ मार.”

दहा हजार प्रती म्हटल्यावर उज्वलाला मोह पडला. का पडू नये? पोरीला पांढरा कोट तिने लगेच चढवला, त्याचं तिला विशेष वाटलंही नाही. मग पट्टी लावून ती वरच्या रेघा मारायला लागली. नवव्या चौकटीला हात थांबला. रेघेखाली पोरगी दिसेना, साखराबाई दिसली, उज्वलाची आई. गणपतीच्या विसर्जनाहून दमून आलेली उज्वला भूकंपाच्या त्या रात्री अंगणातच आडवी झाली होती. “आत ये, दव पडतंय,” आई दोनदा म्हणाली होती. ती गेली नाही. पहाटे घर बसलं ते आईवर. उज्वलाने ब्लेड घेतलं आणि मारलेल्या सगळ्या रेघा खरवडून काढल्या.

“रेघ न्हाई जमत, सर.”

सरांनी कागद उजेडात धरला. खरवडल्या जागी तो पातळ झाला होता. “जाहिरात हाय, उज्वला. अर्धवट न्हाई चालत,” ते नरमाईनेच म्हणाले, आणि दुसऱ्या चित्रकाराकडून काम करून घेतलं. महिन्याभरात ती पोरगी पांढऱ्या कोटात, चार रेघांच्या आत, खांबाखांबावर लागली. आपलं माणूस दुसऱ्यांदा गाडलं गेल्यासारखं उज्वलाला वाटलं. तिने चोपडं बंद केलं आणि बेडकांकडे परतली.

दोन महिन्यांनी ती नोट्स घेऊन गुंडप्पाकडे गेली. तो मशीनपाशी आत बसायचा, ती नेहमीप्रमाणे बाहेर पायरीवर उभी राहिली. पुढे मुखेडची देविका होती, हॉस्टेलमध्ये राहणारी. तिच्या हातात तीच रंगीत जाहिरात, आणि प्रत्येक चौकटीची वरची रेघ ब्लेडने खरवडलेली.

“अण्णा, ह्याच्या वीस प्रती द्या,” ती गुंडप्पाला म्हणाली.

“हे कुणी केलं?” उज्वलाने विचारलं.

“मीच, ताई. आमच्या हॉस्टेलला सगळ्याजणी करून राहिल्यात. पहिलं झेरॉक्सचं चोपडं यायचं त्याला वर मोकळं असायचं. ह्याच्यात जीव गुदमरतो.”

“भूकंपात कोण गेलं तुझं?”

“कुणीच न्हाई. आमच्याकडं नुसती भांडी पडली होती.”

इतकी वर्षं डोक्यावरच्या छताची ती भीती आपली एकटीची आहे असं उज्वला धरून चालली होती. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. पायरी चढून ती आत गेली, स्लॅबखाली, मशीनशेजारच्या स्टुलावर बसली.

“पाठपोट काढ, गुंडप्पा,” ती म्हणाली. “मागची बाजू मी आत्ता इथंच बसून काढून देते.”