बापाने दिलेला खोटा जबाब

ती घटना आजही आठवते, पण आरोपीपेक्षा माझ्या चुकीमुळे जास्त.

मी तेव्हा तेल्हारा तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. वर्षे वाईट होती. विष घेतलेल्या माणसाचा पंचनामा करायला निघालो की घरचा कर्ता पुरुषच गेला असणार, हे आम्ही वाटेतच धरून चालत असू. कृषी केंद्रवाल्यांना मी सांगून ठेवले होते की गिऱ्हाईक वेगळे वाटले तर औषध देऊ नका, माल संपला म्हणा आणि ठाण्यात फोन करा.

चैत्रातल्या एका दुपारी त्यांच्यापैकी एकाचा फोन आला. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. कॉलेजात जाणारी एक मुलगी फवारणीचे औषध मागायला आली होती आणि बाबांनी सांगितले म्हणत होती.

"साहेब, कापसाची उलंगवाडी होऊन महिना झाला," चाचा म्हणाले. "वावरात काडी नाही. आता फवारते कशावर? मी म्हटलं, बेटा, माल परवा येईल."

जमादाराला घेऊन मी तिच्या घरी गेलो. बाप ओट्यावर बसला होता, मुलगी दारात उभी होती. ती अकोल्याला मावशीकडे राहून अकरावीत शिकत होती आणि सुटीत घरी आली होती. औषध तुम्ही मागवले का, असे मी बापाला विचारले. त्याने मुलीकडे पाहिले. पाहतच राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "हो साहेब. म्याच धाडलं तिले."

मला तेवढे पुरे झाले. दोन तास मी त्याच्याजवळ बसलो, त्याला समजावले, त्याच्या बायकोला लक्ष ठेवायला सांगितले. खरे तर मलाही उठायची घाई नव्हती. त्याच हिवाळ्यात माझी पत्नी गेली होती, आणि क्वार्टरवर जाऊन करायचे काय हा प्रश्न रोजचाच होता. मुलीने चहा आणून दिला. कप ठेवला आणि ती लगेच आत निघून गेली. बापाच्या काळजीने थांबवत नसेल, असे मी समजलो. तिला एक प्रश्नही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बाप ठाण्यात आला आणि कालचा जबाब खोटा होता म्हणाला. जमादार त्याला म्हणाला, "काल जबाब देला अन् आज पलटून राहिला? ठाणं म्हणजे काय सासुरवाडी हाये तुही?"

बापाने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. मला म्हणाला, "साहेब, मले नाही मरायचं. पोरीचं नाव ठाण्यात जाऊ नये म्हणून खोटं बोललो. रातभर तिच्या खाटेपाशी बसलो. काही सांगून नाही राहिली ते. तुमी इचारा."

मी महिला शिपायाला साध्या साडीत पाठवले. मुलीची आई अंगणात चिंचा फोडत होती. शिपाईबाईंनीही दगड घेतला आणि मुलीशेजारी बसून चिंचा फोडायला लागल्या. तासभर त्यांनी काही विचारले नाही. शेवटी मुलीनेच मोबाईल त्यांच्या मांडीवर ठेवला.

तिच्या नावाने कोणीतरी फेसबुकवर खाते उघडले होते. दुसऱ्या कोणाच्या उघड्या शरीरावर तिचा चेहरा लावला होता. खाली तिच्या वर्गातली मुले-मुली हसत होती. एकाने तिच्या गावाचे नावही लिहिले होते. खाते उघडणारा तिला वेगळे निरोप पाठवत होता: आता खरा फोटो तूच पाठव, नाहीतर शनिवारी हा फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर जाईल. तो दिवस गुरुवार होता.

तपास उलगडला तो चेहऱ्यावरून. चेहरा ज्या फोटोतला होता, तो तिच्या मावसबहिणीच्या लग्नातला होता आणि तिने तो कोणालाच पाठवला नव्हता. तो फक्त मोबाईलच्या मेमरी कार्डात होता. कार्ड कोणाच्या हातात दिले होते का, असे शिपाईबाईंनी विचारले. मुलगी म्हणाली, गाणी भरायला दिले होते. तेव्हा ती पद्धतच होती. कार्ड दुकानात ठेवायचे आणि तासाभराने गाणी भरून परत घ्यायचे. त्यात चोरण्यासारखे काही असते, हे कोणाच्या मनातही येत नसे.

दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात होते. मालक चाळिशीचा, स्वतः दोन मुलींचा बाप. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. संगणक उघडायला लावला तेव्हा त्यात आठ-दहा मुलींच्या कार्डांतले फोटो निघाले, प्रत्येकीचे वेगळे ठेवलेले.

"गंमत होती साहेब," तो म्हणाला. "मी कोणाले हात तरी लावला काय?"

शुक्रवारी संध्याकाळी पंचनामा करून संगणक आणि त्याचा मोबाईल जप्त केला. फोटो गावापर्यंत पोहोचला नाही.

आरोपी अटकेत आहे, हे सांगायला मी स्वतः तिच्या घरी गेलो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "अन् हसत होते ते? ते तं माह्या मागच्याच बाकावर बसते."

त्यांतल्या दोघा-तिघांना पालकांसह बोलावून मी समज दिली. त्याहून जास्त काही करता आले नाही. ती अकोल्याला परत गेली नाही. बारावीची परीक्षा तिने बाहेरून दिली.

त्यानंतर नोकरीत होतो तोवर मी एक नियम पाळला. कोणत्याही घरात गेलो की प्रत्येकाशी वेगळे बोलायचे, आणि सुरुवात सर्वांत लहान माणसापासून करायची. आपण ज्या संकटाला सरावलेले असतो, तेच आपल्याला दिसते. शेजारचे दुसरे संकट चहा देऊन आत निघून जाते.

खटला दीड वर्षाने उभा राहिला. मुलीची साक्ष बंद दाराआड झाली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत काय घडले ते तिच्यासोबत असलेल्या शिपाईबाईंनी नंतर सांगितले. वकिलांनी बरेच प्रश्न विचारले, तिने मोजकी उत्तरे दिली. शेवटी न्यायाधीशांनी तो फोटो तिच्यापुढे ठेवला आणि ही तूच आहेस का, असे हळू आवाजात विचारले.

तिने फोटो नीट पाहिला, नजर वळवली नाही.

"तोंड माहं हाये साहेब," ती म्हणाली. "बाकी सगळं याचं," आणि आरोपीकडे बोट केले.