अधिक ज्येष्ठाचं पान

वसंता गेल्याचं मला बाजारात कळलं, कोकमं निवडताना. आमच्या कॉलेजातला जुना शिपाई समोरून आला आणि म्हणाला, "बापू, तुम्ही इथे? पाध्येसर सकाळी गेले." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. ओहोटी पाहून सकाळी भाट्याच्या खाडीवर जायचा त्याचा नेम, मला दुसरं काही सुचलंच नाही... शिपायाने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, तेव्हा उमगलं.

त्याला आता दीड महिना झाला. संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप त्याच्या घराकडे वळतात. अर्ध्या वाटेत आठवतं आणि मी परत फिरतो. मी एकटा राहणारा माणूस. दिवसाकाठी माझ्याशी भांडणारं एकच माणूस होतं, तेही गेलं. आता मी फेकलेला शब्द कुणी परत फेकत नाही.

वसंता प्राणिशास्त्र शिकवायचा आणि मी कॉलेजचं ग्रंथालय सांभाळायचो. त्याचा जीव मात्र कालवांत. खडकाला चिकटणारी ही शिंपली, तिची नवी पिल्लं खडक कधी धरतात, पाणी किती खारट असताना धरतात, हे तो वर्षानुवर्षं मोजत होता. त्यावरच त्याची पीएच.डी. चालली होती आणि ती झाली की रीडरची बढतीची जागा त्याचीच, असं सगळेच धरून चालले होते. भरती-ओहोटी तिथीवर चालते, कालवं काढणाऱ्या बायकाही तिथीच सांगतात, म्हणून त्याच्या वहीत तारखा नव्हत्याच, तिथ्या होत्या. आणि ती वही कुठे? तर पडवीतल्या बाकावर, उघडी, शेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल! कुणीही यावं, वाचावं, हवं ते उतरवून घ्यावं. गुहागरची एक मुलगी अशीच येऊन बसायची, तिचा प्रबंध त्या वहीवर उभा राहिला आणि तिने पहिल्या पानावर त्याचे आभार मानले. तो आठवडाभर हवेत होता. मी म्हणायचो, "मेल्या, कपाटात ठेव ती. सगळी माणसं त्या पोरीसारखी नसतात." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "खाडी काय माझ्या बापाची आहे? मग वही तेवढी माझी कशी?"

नव्याण्णव साल संपता संपता मोठ्या शहरातला एक संशोधक आला. गोड बोलणारा. वहिनींच्या हातचे घावने खाल्ले, वही चाळली, प्रत मागितली. पेन्सिलीची पुसट अक्षरं झेरॉक्समध्ये उमटेनात आणि वसंताचं अक्षर म्हणजे देवालाच ठाऊक. तेव्हा वसंता मला म्हणाला, "बापू, तुझं अक्षर मोत्यासारखं. दे ना उतरवून." मी दोन दुपारी बसून, खाली कार्बन घालून, सगळी वही उतरवली. पाहुण्यांची गाडी होती, घाईच झाली. वरची प्रत त्यांनी नेली, कार्बनची वसंताकडे राहिली.

दुसऱ्या वर्षी त्या गृहस्थांचा लेख छापून आला. आकडे वसंताचे, खडक वसंताचे, नाव एकट्या पाहुण्यांचं. आभारसुद्धा नाहीत! वसंताच्या मार्गदर्शकांनी सरळ कळवलं की हे आता छापून झालं, नवा विषय घ्या. पन्नाशीला आलेल्या माणसाने कुठला नवा विषय घ्यायचा? पीएच.डी. राहिली ती राहिलीच. रीडरच्या जागेवर त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस आला आणि वसंता लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाला.

पण त्या लेखात एक चूक होती. नव्याण्णवच्या पावसाळ्यातल्या सगळ्या नोंदी एक महिना आधीच्या म्हणून छापल्या होत्या. खाडीवर कालवं काढणाऱ्या काशीबाईला वसंताने सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून हसली, "मास्तर, पावसाच्या आदी कालवांना पोरां झाली? ह्यो साहेब कुठचा?" मला तर घबाडच मिळालं. नव्याण्णव साली अधिक ज्येष्ठ होता, ह्या शहाण्याला तिथीच्या तारखा करताना तो कळला नाही, म्हणजे माल चोरीचाच! मी म्हटलं, "वसंता, तक्रार कर. याहून पक्का पुरावा कुठला?" तो खाली बघत म्हणाला, "राहू दे रे." आणि केलं काय, तर त्या माणसाला पत्र टाकलं, महिना चुकलाय तेवढा दुरुस्त करा म्हणून. स्वतःच्या नावाबद्दल अवाक्षर नाही! माझं डोकं फिरलं. वहिनींदेखत मी त्याला बुळा म्हणालो, पडवी उतरलो आणि सहा महिने त्याचं तोंड पाहिलं नाही. शेवटी तोच आला, हातात फणस घेऊन. त्या दिवसाबद्दल त्याने पुढे कधीच काही काढलं नाही. मी मात्र काढायचो, दरवर्षी...

परवा वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "भावोजी, कपाटाचा आतला खण कधी उघडाच नसायचा. आज किल्ली सापडली. हे तुमचं अक्षर ना?" माझीच कार्बनची प्रत होती. मी ती पडवीत नेऊन वहीच्या जुन्या पानांशी ताडून पाहिली. वैशाख जुळला. पुढे वहीत अधिक ज्येष्ठाचं पान होतं, ठळक, मथळ्याखाली दोन रेघा मारलेलं. माझ्या प्रतीत ते नव्हतंच. घाईत मी दोन पानं एकदम उलटली होती. पाहुण्याला अधिक महिना दिसणार कुठून? मीच तो गाळला होता. आणि माझ्या प्रतीच्या समासात वसंताच्या त्या भयंकर अक्षरात लिहिलेलं होतं: "अधिक ज्येष्ठ राहिला. बापूला सांगू नये."

तक्रार केली असती तर हा कागद पुढे ठेवावा लागला असता आणि माझी चूक चव्हाट्यावर आली असती. उभ्या आयुष्यात काही कुलपात न ठेवणाऱ्या माणसाने एवढंच कुलपात ठेवलं. आणि मी त्याला बुळा म्हणालो रे... आता माफी कुणाकडे मागू?

वहिनी आत चहा टाकत होत्या. मी बाकावर बसलो. वही त्याच्या शेवटच्या नोंदीवर उघडी होती, पेन्सिल सुतळीला लोंबत होती. त्या नोंदीखाली मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "नव्याण्णव सालच्या प्रतीत अधिक ज्येष्ठ मी गाळला. चूक माझी. बापू." आणि वही मिटली नाही, तशीच उघडी ठेवून आलो.