साहेब, जरा हा पाय धरा

गल्लीत तिला सगळेच ताई म्हणत. वयाने मोठी असलेली माणसेही ताई म्हणत आणि ती ते मुकाट्याने ऐकून घेई. वास्तविक तो हक्क एकाचाच होता, तिच्या धाकट्या भावाचा. हा धाकटा सैन्यात होता. सीमेवर त्याच्या गाडीखाली सुरुंग फुटला आणि तेव्हापासून छातीखालचे शरीर त्याचे राहिले नाही. पाय जागच्या जागी होते, परंतु ते गाठोड्यासारखे उचलून ठेवावे लागत. उजव्या हाताची बोटे मिटत नसत.

तो घरी आला त्या दिवशी रस्त्याच्या टोकाला मंडप घातला होता. देश या वीराचा ऋणी आहे, असे एका वक्त्याने सांगितले. दुसऱ्याने तेच अधिक मोठ्या आवाजात सांगितले. मग मंडप सुटला, खुर्च्या परत गेल्या, आणि त्या ऋणी देशातले एकही माणूस त्याला कुशीवर वळवायला आले नाही. ते काम आईने केले. आईने त्याला दोन वर्षे उचलले आणि मग आईलाच उचलण्याची वेळ आली.

त्यानंतर ताईने त्याला आपल्या दोन खोल्यांत आणले. तिचा नवरा पूर्वीच वारलेला, मूलबाळ नव्हते. नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकले, "तिला तरी दुसरं कोण आहे? बरं झालं, सोबत झाली." रिकामे कपाट दिसले की जो तो आपले सामान त्यात कोंबतो, त्यातला हा प्रकार. ज्यांनी हे ठरवले, त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी धाकट्याची चाकाची खुर्ची दारातून आत गेली नसती, कारण कोणी दार मोजूनच पाहिले नव्हते.

ताई एका लाँड्रीत इस्त्री करत असे. मधल्या सुटीत ती धावत घरी येई, भावाला वळवी, लघवीची पिशवी रिकामी करी आणि परत धावे. एकदा लाँड्रीत कामाची गर्दी झाली आणि तिला निघता आले नाही. संध्याकाळी येऊन पाहते तो धाकटा खुर्चीत घसरून तिच्या कमरपट्ट्यावर लोंबकळत होता. पाठ सोलली गेली होती. त्याला ते समजलेही नव्हते, कारण तिथे त्याला काही जाणवत नसे. ती जखम भरून यायला कित्येक महिने लागले. तेव्हापासून ताई कामावर गेली नाही.

लाँड्रीच्या मालकीणबाई मनाने वाईट नव्हत्या, पण तोंडाने फटकळ होत्या. इतके महिने वाट पाहून अखेर त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत तुझं टेबल ठेवते. पुढे मला माणूस बघावं लागेल. माझ्या चादरी काय देशभक्तीनं सपाट होणार आहेत?"

तेव्हा प्रश्न एकच होता. माजी सैनिकांच्या कार्यालयाकडून दिवसा घरी राहणारा मदतनीस मिळाला, तर ताईचे टेबल टिकणार होते. नाही मिळाला, तर ती त्या दोन खोल्यांत कायमची अडकणार होती. मदतनीस मिळायचा तो तपासनिसाच्या शब्दावर. तपासनीस घरी येऊन पाहून जाई आणि मग सैनिकाला मदतीची गरज आहे की नाही, ते ठरे.

मागच्या वर्षी तो येऊन गेला होता. तेव्हा ताईने मोठी चूक केली. ही चूक आळशी माणसाच्या हातून कधीच झाली नसती. तिने पहाटे उठून धाकट्याला अंघोळ घातली, दाढी केली, शर्टाला खळ घालून अशी इस्त्री केली की कॉलर कागदासारखी उभी राहिली. पट्टा दिसू नये म्हणून मांडीवर शाल पसरली. पाहुण्यासमोर घर कसे दिसेल, एवढेच तिच्या मनात होते.

तपासनिसाने धाकट्याला विचारले, "जेवण स्वतः घेता?"

"होय साहेब!"

"कपडे स्वतः घालता?"

"होय साहेब!"

"काही अडचण?"

"सर्व ठीक, साहेब!"

ताई दारात उभी राहून हसली. तिला वाटले, साहेब शहाणे आहेत, एवढे त्यांना कळेलच. साहेबांना कळले नाही. 'घर नीटनेटके, मदतनिसाची आवश्यकता दिसत नाही,' असा निर्णय आला. पालथ्या घड्यावर पाणी. तिने वर्षभर पाठ मोडून जे काम केले होते, तेच काम उद्या कोणी करण्याची गरज नाही, असा त्याचा अर्थ होता. हे वाचून तिने तो कागद फाडला नाही की ती रडली नाही. तिने फक्त आपला दुखरा खांदा दाबून धरला आणि एक शिवी दिली. ती येथे लिहिण्यासारखी नाही.

या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या शिंपीणकाकू सल्ला द्यायला आल्या. "तो माणूस यायच्या वेळी ह्याला तसाच घाणीत पडू दे. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, बाई."

"माझ्या भावाला घाणीत ठेवून मी भीक मागू?"

"मग राहा इस्त्रीची घडी होऊन," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

ताई धाकट्यापाशी गेली. "ऐकलंस ना? उद्या खरं सांगायचं."

"खरं म्हणजे काय? साहेबासमोर रडगाणं गाऊ?"

"रडू नकोस. 'नाही' म्हण. एवढा छोटा शब्द आहे."

"आमच्यात साहेबाला 'नाही' म्हणत नाहीत, ताई."

"आमच्यात, आमच्यात! ते तुझे 'आमच्यात'ले कुठं गेले? कोण येतं तुझं ढुंगण पुसायला?"

धाकट्याचा चेहरा काळवंडला. "माझ्याकडे तेवढंच उरलंय," तो म्हणाला. "विचारलं की छाती काढून सर्व ठीक म्हणायचं."

"तुझं ते सर्व ठीक माझ्या खांद्यावर उभं आहे. खांदा गेला की दोघंही पडू."

यावर त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ताईने पहाटे काहीच केले नाही. अंघोळ, दाढी, पिशवी, पाठीचे मलम, सगळे तसेच ठेवले. धाकटा पांघरुणाखालून ओरडला, "शर्ट कुठाय माझा?"

"दोरीवर."

"तो माणूस येईल आता!"

"येऊ दे की. त्याचीच वाट बघतेय."

तपासनीस आला. गोरागोमटा, पोटाने सुखी, हातात कापडी पिशवी. त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिले.

"बसू नका साहेब," ताई म्हणाली. "जरा हा पाय धरा."

"मी तपासायला आलोय, बाई."

"मग तपासा ना. हाताने तपासा."

तिच्या आवाजात असे काही होते की त्या गृहस्थाने पिशवी खाली ठेवली आणि खरोखरच पाय धरला. "बराच जड आहे हो," तो म्हणाला.

"असाच धरा. सोडलात तर टाच गादीला घासेल, मग तिथे जखम होते आणि ती बरी व्हायला पुढची तपासणी उजाडते."

तिने नळी साफ केली, पिशवी बदलली, अंग पुसले. नंतर धाकट्याला कुशीवर घेताना तिच्या खांद्यातून कट्‌ असा आवाज आला. तो तपासनिसालाही ऐकू गेला.

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं. जड उचलू नका म्हणाले. आता तुम्हीच सांगा, ह्याला हलका कसा करू?"

तिने धाकट्याच्या पाठीचा जुना व्रण तपासनिसाला दाखवला. तो हातभर अंतरावरून पाहू लागला, तेव्हा ताईने त्याला जवळ यायला लावले. धाकट्याने तोंड भिंतीकडे केले होते. त्याच्या जबड्याची शीर उडत होती. आपण भावाचे काय करतो आहोत, हे ताईला पुरते समजत होते. तरीही ती थांबली नाही.

गोंधळलेल्या तपासनिसाने अखेर सवयीचा प्रश्न विचारला, "जेवण... स्वतः घेता?"

ताई उत्तर देणार नव्हती. तिने दात आवळून धरले.

"नाही साहेब," भिंतीकडून आवाज आला.

"कपडे?"

"नाही साहेब."

"काही—"

"काहीच स्वतः करत नाही, साहेब. सगळं ती करते. आता पाय सोडा."

तपासनिसाने पाय अलगद ठेवला. दारापाशी जाऊन तो हळू म्हणाला, "मंजूर होईल. वर्षभरासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी."

"पुन्हा? त्याचा मणका काय दर वर्षी जुळतो नि मोडतो?"

"नियम आहे, बाई."

"मग त्या नियमाला सांगा, येताना बाह्या वर करून ये."

तो गेल्यावर धाकटा म्हणाला, "परक्या माणसासमोर मला उघडं केलंस."

"केलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. तुला वाटली, मला वाटली, आणि ज्यांनी हे असं करायला लावलं ते मात्र चहा पीत बसले असतील. क्षमा मागणार नाही मी. तसा हट्ट धरू नकोस."

त्याने धरला नाही. पुढे कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतेही बोलला नाही. तिने भरवले की खाई आणि छताकडे पाहत राही. मदतनीस आला, तो एक मध्यमवयीन, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याला मात्र धाकटा सगळे सविस्तर सांगू लागला: आधी डावा पाय, मग उजवा, उशी इथे. ताईने ते चपला घालताना ऐकले. तिचा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही. भावाच्या शरीराची लक्तरे वेशीवर टांगावी, तेव्हा कुठे सरकारला पटते, हे ती कशी विसरणार?

लाँड्रीत शिरताच मालकीणबाईंनी मान वर केली. "आलीस? मला वाटलं, सरकारनं तुलाच मेडल देऊन घरी बसवलं."

"सरकार मला ओळखतही नाही," ताई म्हणाली. "त्यांच्या कागदावर मी 'घरातील अन्य व्यक्ती' आहे."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे खुर्ची, पलंग आणि मी. सरका तिकडे, चादरी द्या."